वैमानिकाचे वय : लष्करी उड्डाणशिक्षणातील दुसऱ्या संधीचा इतिहास

लष्करी वैमानिकाच्या प्रशिक्षणाला वयाची अट आहे, आणि ती जवळजवळ या पेशाइतकीच जुनी आहे. अट शरीरशास्त्राने घातली, असा सर्वसाधारण समज असतो. इतिहास पाहिला तर तिचा आकडा वैद्यांपेक्षा खजिन्याने आणि युद्धाने अधिक वेळा बदललेला दिसतो. मनुष्यबळाची चणचण भासली की दार सैल झाले; शांतता आली, विमाने महागली, की ते घट्ट झाले. एकदा नाकारलेल्या, वय उलटलेल्या किंवा जायबंदी झालेल्या माणसाला पुन्हा अर्ज करता येतो का, या प्रश्नाचे उत्तरही त्यानुसार पालटत गेले.

ब्रिटनचे ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ १९१२ मध्ये स्थापन झाले तेव्हा सरकार कोणालाही पहिल्यापासून उडायला शिकवत नसे. अधिकाऱ्याने खासगी उड्डाणशाळेत स्वतःच्या पैशाने शिकायचे, रॉयल एरो क्लबचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि मग भरतीसाठी यायचे, अशी रीत होती. निवड झाली की खर्चाचे ७५ पौंड परत मिळत. या व्यवस्थेत पैसे आणि रजा ज्यांच्यापाशी होती तेच शिकू शकत, आणि असे लोक बहुधा विशी ओलांडलेले असत. डेव्हिड हेंडरसन हे तर १९११ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी उडायला शिकले. एवढा मोठा लष्करी अधिकारी शिकाऊ म्हणून येतो आहे याचा बोभाटा नको, म्हणून त्यांनी ‘हेन्री डेव्हिडसन’ असे उलटसुलट नाव घेतले होते. पुढे फ्लाइंग कोअरची उभारणी मुख्यतः त्यांच्याच हातून झाली.

ह्यू ट्रेंचर्ड यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. १८७३ चा जन्म. नौदलाची प्रवेश परीक्षा नापास, वुलिचच्या लष्करी अकादमीची परीक्षा दोनदा नापास. शेवटी मिलिशियाच्या आडवाटेने ते सैन्यात शिरले. हिंदुस्थानात पलटणीबरोबर असताना पोलो आणि नेमबाजीत नाव झाले. १९०० मध्ये बोअर युद्धात छातीत गोळी लागून एक फुप्फुस निकामी झाले. नंतर नायजेरियात बरीच वर्षे काढून ते परतले ते एका छावणीतल्या कंटाळवाण्या नोकरीवर. वसाहतींत कुठे जागा मिळते का म्हणून केलेले अर्ज नाकारले गेले. तेव्हा युस्टेस लोरेन या जुन्या सहकाऱ्याने, विमान चालवायला शीक, असा आग्रह धरला. उपेव्हन येथील ‘सेंट्रल फ्लाइंग स्कूल’मध्ये चाळिशीपर्यंतच प्रवेश होता आणि ट्रेंचर्ड एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांनी ब्रुकलँड्सच्या सॉपविथ शाळेत नाव घातले. १९१२ च्या जुलैमध्ये लोरेन विमान अपघातात ठार झाले. ट्रेंचर्ड मागे फिरले नाहीत. १३ दिवसांत, एकूण एक तास चार मिनिटांच्या उड्डाणानंतर, ३१ जुलै १९१२ रोजी त्यांना २७० क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळाले.

ते चांगले वैमानिक कधीच झाले नाहीत. त्यांचे चाहतेसुद्धा तसा दावा करत नाहीत. उपेव्हनला गेल्यावर त्यांच्याकडे परीक्षांचे काम आले, आणि स्वतःचीच प्रश्नपत्रिका काढून, सोडवून, तपासून त्यांनी स्वतःला उत्तीर्ण केले असे सांगितले जाते. पण जग ज्यांना रॉयल एअर फोर्सचे जनक मानते ते हेच. शिकाऊ वैमानिकाचे मोल केवळ त्याच्या हातापायांच्या चपळाईवर ठरवले असते, तर ब्रुकलँड्सच्या दारातूनच त्यांना परत धाडावे लागले असते.

पहिल्या महायुद्धाने हा प्रौढांचा छंद तरुणांच्या हाती दिला. पश्चिम आघाडीवर वैमानिक इतक्या झपाट्याने मरत होते, की शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना काही तासांचे शिक्षण देऊन पाठवले जाई. अभियोग्यता चाचणी असा प्रकार जवळजवळ नव्हताच. घोडेस्वारी येते का, हा निवड मंडळाचा आवडता प्रश्न. वयाची अडचण कमी झाली, तरी वंश आणि दृष्टी या दोन भिंती उभ्या होत्या. त्या ओलांडण्यासाठी दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांत हिंदी तरुण होते.

रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. ब्रिटिशांनी घेतले नाही म्हणून ते फ्रान्समध्ये रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले आणि फ्रेंच हवाई दलात शिरण्याची तयारी त्यांनी केली. फ्रेंचांना चालणारा हा तरुण आपल्याला का चालू नये, असे त्यांचे शिक्षक फ्रान्सिस अर्कहार्ट यांनी जनरल हेंडरसन यांना कळवले. एप्रिल १९१७ मध्ये मलिक यांना प्रवेश मिळाला. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून ते उडत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही याच काळात फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवताना जून १९१८ मध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले.

कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांना दृष्टीदोषाच्या कारणावरून नाकारण्यात आले होते. त्यांनी आपली मोटारसायकल विकली, त्या पैशात लंडनच्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली आणि निर्णय फिरवून घेतला. जुलै १९१७ मध्ये ते अधिकारी झाले. डिसेंबरमध्ये त्यांचे एस.ई. ५ विमान कोसळले. मेला असे समजून त्यांना शवागारात ठेवले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्यानंतर वैद्यकीय मंडळाने त्यांना उड्डाणास अपात्र ठरवले. रॉय यांनी पुन्हा पाठपुरावा केला, पुन्हा तपासणी झाली, आणि जून १९१८ मध्ये ते ४० व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. ६ ते १९ जुलै या अवघ्या काही दिवसांत त्यांच्या खाती दहा हवाई विजय जमा झाले. २२ जुलै रोजी, विसावे वर्षही पुरे होण्याआधी, ते लढाईत मारले गेले. दोनदा अपात्र ठरलेला हा वैमानिक हिंदुस्थानातला पहिला ‘एस’, म्हणजे अनेक हवाई विजय मिळवलेला वैमानिक. त्यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

युद्ध संपताच दार पुन्हा मिटू लागले. ट्रेंचर्ड आता हवाई दलाचे प्रमुख होते. १९२० मध्ये त्यांनी क्रॅनवेलला कॅडेट कॉलेज काढले आणि शाळा संपवून येणारी मुले घेतली. जोडीला अल्पमुदतीची भरती सुरू केली. या पद्धतीत वैमानिक काही वर्षे उडवायचे आणि मग राखीव दलात पाठवायचे. चाळिशीला सहा महिने उरले असताना स्वतः शिकलेल्या माणसाने घडवलेले दल कोवळ्या वयाच्या मुलांवर उभे राहिले, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रकारांना सहसा टोचत नाही. त्यामागे साधा हिशोब होता. वैमानिक घडवायला पैसा लागतो. तो विसाव्या वर्षी घडला तर दहा-बारा वर्षे वापरता येतो, पस्तिसाव्या वर्षी घडला तर लवकरच टेबलामागे बसतो. हुद्द्यांची उतरंडही वयाशी बांधलेली असते. चाळिशीतला फ्लाइंग ऑफिसर पंचविशीतल्या फ्लाइट लेफ्टनंटच्या हाताखाली कोणत्याही दलाला नको असतो.

हिंदुस्थानचे पहिले सहा कॅडेट १९३० मध्ये याच क्रॅनवेलला गेले. त्यांपैकी जे. एन. टंडन उंचीला कमी पडले, म्हणून त्यांना वैमानिक न करता साधनसामग्री शाखेत घेतले गेले. त्याच वर्षी आगा खान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उड्डाण करणाऱ्या हिंदी माणसासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. मनमोहन सिंग पोहोचले, पण मुदत चुकली. सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअर यांना पारितोषिक मिळाले. अस्पी वयात बसत होते. ते क्रॅनवेलला गेले आणि १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. चोविशीच्या मनमोहन सिंगांना लष्करी गणवेश चढवायला दुसरे महायुद्ध यावे लागले.

अमेरिकेत मात्र याच शांततेच्या काळात प्रौढांसाठी एक अजब खिडकी उघडली, तीही कायद्याने. बिली मिचेल यांना १९१६ मध्ये लष्कराने वय आणि हुद्दा जास्त म्हणून उड्डाणशिक्षण नाकारले होते. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी न्यूपोर्ट न्यूजच्या कर्टिस शाळेत पदरमोड करून शिकून घेतले. नौदलाचा प्रश्न वेगळा होता. विमानवाहू जहाजे आली, पण त्यांची कप्तानी करण्याइतके ज्येष्ठ वैमानिक नव्हते. १९२६ च्या कायद्याने ठरवले, की विमानवाहू जहाजाचा प्रमुख उड्डाणाची पात्रता मिळवलेलाच असला पाहिजे. मग पन्नाशीच्या आसपासचे कॅप्टन फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला विद्यार्थी म्हणून जाऊ लागले. अर्नेस्ट किंग यांनी १९२७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विंग्ज, म्हणजे वैमानिकाचे बिल्ले, मिळवल्या. आयुष्य विमानांत काढलेले तरुण या ‘उशिरा आलेल्यां’कडे नाक मुरडून पाहत; त्यांचीही बाजू अगदीच चुकीची म्हणता येत नाही, कारण मोठ्या नेमणुका नेमक्या या मंडळींना मिळत.

याच नौदलातल्या विल्यम हॉल्सी यांना उड्डाणशिक्षणाची संधी आधी एकदा आली होती, पण डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. १९३४ मध्ये किंग यांनी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला : निरीक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलात तर ‘साराटोगा’ ही विमानवाहू नौका तुमची. निरीक्षकाला विमान चालवावे लागत नाही, डोळ्यांची अटही सौम्य. हॉल्सी पेन्साकोलाला पोहोचले आणि तिथे गेल्यावर त्यांनी आपले नाव निरीक्षकांच्या यादीतून वैमानिकांच्या यादीत घालून घेतले. दुसऱ्याच्या हाती जीव देऊन मागे बसण्यापेक्षा वैमानिकांच्या अडचणी स्वतः अनुभवाव्यात, हे त्यांचे म्हणणे. तुकडीत एकट्याने उड्डाण करणारे ते सर्वांत शेवटचे ठरले. १५ मे १९३५ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांना विंग्ज मिळाल्या. त्यानंतर सात वर्षांच्या आत ‘एंटरप्राइज’ आणि ‘हॉर्नेट’ या जहाजांचा जपानवरील डूलिटल मोहिमेचा ताफा त्यांच्या हाताखाली होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने वय उलटलेल्यांसाठी चक्क वेगळी संघटना काढली. ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’मध्ये रॉयल एअर फोर्सने नाकारलेले, पण विमान चालवता येणारे लोक घेतले. कारखान्यातून तळापर्यंत विमाने पोचवणे हे त्यांचे काम. एक हात आणि एक डोळा गमावलेले वैमानिकही त्यांत होते. संघटनेच्या आद्याक्षरांचा ‘प्राचीन आणि फाटके वैमानिक’ अशा अर्थाचा विनोदी विस्तार तेच करत. जानेवारी १९४० पासून स्त्रियांनाही तिथे प्रवेश मिळाला, आणि हरिकेन-स्पिटफायरपासून चार इंजिनांच्या बॉम्बरपर्यंत सारे काही त्यांनी चालवले.

याच काळात डग्लस बेडर परत आले. १९३१ च्या डिसेंबरमध्ये कसरती करताना त्यांचे बुलडॉग विमान कोसळले आणि दोन्ही पाय कापावे लागले. कृत्रिम पायांनी त्यांनी विमान उत्तम चालवून दाखवले, पण नियमात बसत नाही म्हणून १९३३ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. सहा वर्षे त्यांनी तेल कंपनीच्या कचेरीत काढली. युद्ध जाहीर होताच त्यांनी पुन्हा अर्ज केला. ऑक्टोबर १९३९ मध्ये उपेव्हनला चाचणी झाली, उजळणीचे शिक्षण झाले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ते लढाऊ स्क्वाड्रनमध्ये होते. नियमपुस्तक तेच होते. फक्त बाहेर युद्ध सुरू झाले होते.

हिंदुस्थानात ‘इंडियन एअर फोर्स व्हॉलंटिअर रिझर्व्ह’ने तेच काम केले. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता अशा बंदरांजवळ किनारा-संरक्षणाच्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि फ्लाइंग क्लबांत शिकलेले, टपाल-प्रवासी विमाने चालवणारे मुलकी वैमानिक त्यांत आले. मुंबईपुरते पाहिले तर १९२८ पासून जुहूच्या मैदानावर हौसेने उडणाऱ्यांचा हा वारसा होता. १९४० मध्ये परवानाधारक २४ हिंदी वैमानिकांना इंग्लंडला पाठवले गेले. महिंदर सिंग पुजी हे त्यांतले सर्वांत ख्यातनाम. मनमोहन सिंगही रिझर्व्हमध्ये दाखल झाले. पस्तिशीत ते कॅटलिना या उडत्या नौकेवर होते. मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपान्यांनी केलेल्या हल्ल्यात त्यांचा अंत झाला.

युद्धानंतर जेट विमाने आली आणि हिशोब आणखी कडक झाला. एका वैमानिकावर होणारा खर्च वाढला, शिक्षण लांबले, आणि अपयशी कॅडेट परवडेनासा झाला. म्हणून विमानात बसवण्याआधीच गाळणी लावण्यावर भर आला. भारतात ही गाळणी म्हणजे ‘पायलट अॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट’, भरतीच्या बोलीत पीएबीटी. पाय आणि हात एकाच वेळी चालवून प्रकाशबिंदू जागेवर ठेवणे, फिरत्या पिंपावरच्या ठिपक्यांमागे दांडी नेणे, उपकरणांच्या तबकड्या वाचणे, असे तिचे स्वरूप; मूळ पद्धत ब्रिटिश वळणाची. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी सुचवल्याप्रमाणे तिची जागा घेणारी संगणकीय प्रणाली, सीपीएसएस, देशातच तयार झाली आणि २०१२ च्या सुमारास निवड मंडळांत बसवली गेली.

या सूचनेला एक पार्श्वभूमी आहे. १९५८ मध्ये कलाम स्वतः डेहराडूनच्या हवाई दल निवड मंडळापुढे गेले होते. २५ उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला. जागा आठ होत्या. ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती झाल्यावर, ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी सुखोई-३० मधून उड्डाण केले. हा सन्मान होता, भरती नव्हे. तरी त्याची बातमी वाचून जुना नववा क्रमांक अनेकांना आठवला.

पीएबीटी आणि सीपीएसएस यांचा सर्वांत कठोर नियम वयाचा नाही. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेला उमेदवार पुढे कोणत्याही परीक्षेतून उड्डाण शाखेत अर्ज करू शकत नाही. नौदल आणि भूदलाच्या वैमानिकांनाही हीच चाचणी लागू असल्याने ती वाटही बंद होते. उड्डाण प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या कॅडेटचेही तसेच. सरावाने उपजत कौशल्याचे माप बिघडते, हा त्यामागचा युक्तिवाद. तो चूक नाही, पण पुरताही नाही. सतराव्या वर्षी बुजलेल्या मुलाची तेविसाव्या वर्षीची कामगिरी केवळ सरावाने सुधारते असे मानायला आधार काय? अमेरिकेच्या हवाई दलात तत्सम संगणकीय चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा देता येते, आणि स्वतः कमावलेल्या उड्डाणतासांचे गुणही मिळतात.

वयाच्या चौकटीत मात्र भारतात दुसऱ्या संधी अनेक आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात उघडे असते. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मराठी मुलांना त्यासाठीच तयार करते. तिथे हुकले तर पदवीनंतर सीडीएस आणि एएफकॅट या परीक्षा आहेत. त्यांची उड्डाण शाखेची मर्यादा २० ते २४ वर्षे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर २६ पर्यंत. चष्म्यामुळे बारावीला बाद झालेल्यांना आता एक नवी वाट आहे. विसाव्या वर्षानंतर डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया केली, बारा महिने उलटले आणि दृष्टीत कोणताही दोष उरला नाही, तर उड्डाण शाखेसाठी विचार होऊ शकतो. इंद्रलाल रॉय यांना मोटारसायकल विकून जे मिळवावे लागले, ते आता नियमात लिहिलेले आहे.

स्त्रियांच्या बाबतीत वय आणि बंदी यांची गाठ विचित्र पडली. १९९४ मध्ये त्या मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरवर आल्या, पण लढाऊ विमानांवरच्या पहिल्या तिघी जून २०१६ मध्ये दाखल झाल्या. आधीच्या दोन दशकांतल्या मुलींसाठी ही वाट खुली झाली तेव्हा त्यांचे शिकाऊपणाचे वय सरले होते.

थोड्या मोठ्या वयात उडायला शिकण्याची खरी जागा भूदलात आहे, आणि ती नाशिकमध्ये आहे. तोफखान्याचे अधिकारी छोट्या विमानातून मारा नेमका कुठे पडतो हे पाहत, ही ‘एअर ओपी’ची परंपरा देवळालीची. त्यातून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर झाले. काही वर्षे पलटणीत काढलेला अधिकारी स्वेच्छेने अर्ज करतो, चाचणी देतो आणि नाशिकरोडजवळच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये चेतक-चीता हेलिकॉप्टरवर शिकतो. कॅप्टन अभिलाषा बराक या २०१८ मध्ये हवाई संरक्षण कोअरमध्ये अधिकारी झाल्या. त्या वेळी भूदलाच्या उड्डाण शाखेत स्त्रियांना फक्त जमिनीवरची कामे होती. नियम बदलला आणि मे २०२२ मध्ये नाशिकलाच त्यांना विंग्ज मिळाल्या.

वैमानिकांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा अमेरिकेच्या हवाई दलाने २०२० मध्ये प्रशिक्षण-प्रवेशाची मर्यादा ३० वरून ३३ वर नेली. भारतात २४ आणि २६ हे आकडे पुढे हलतील की नाही, हे वैद्यकीय मंडळापेक्षा स्क्वाड्रनमधल्या रिकाम्या जागांवर ठरेल. तोवर उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्याने परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी पुन्हा देता येतात हे लक्षात ठेवावे, आणि सीपीएसएसला मात्र पूर्ण तयारीनिशीच बसावे.